सत्यसुधारक हॉटेलचे मालक

(राजर्षी शाहू जयंतीनिमित्त दिल्लीतल्या मराठी विद्यार्थ्यांच्या आणि नोकरदारांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आज २६ जून. माझ्या आधीच्या वक्त्यांनी १९०२ च्या पन्नास टक्के आरक्षणाबद्दल सांगितलं, १९१७ च्या सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाबद्दल सांगितलं, मार्च १९२० च्या माणगाव परिषदेबद्दलही सांगितलं. त्यामुळे माझं काम हलकं झालं. मी महाराजांबद्दल थोडंच बोलणार आहे. मला बोलायचंय ते कोल्हापुरातल्या एका हॉटेलवाल्याबद्दल. दिल्लीत 'चहावाला' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे भलतंच काही येतं, म्हणून आधीच सांगून ठेवतो, आपला चहावाला त्यातला नाही.

त्यांचं नाव गंगाराम कांबळे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ही गोष्ट ऐकली असेल. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत हातवारे करून मीही ती सांगितली आहे आणि एकदा तिच्यावर स्टीलचा डबाही मिळवला आहे. तरी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गंगाराम कांबळे कोल्हापूर संस्थानच्या पागेत मोतद्दार होते. मोतद्दार म्हणजे घोड्यांची निगा राखणारा नोकर. खरारा करायचा, वैरण बघायची, लीद काढायची. पागेत पाण्याचा एक हौद होता. तो मराठा आणि इतर सवर्ण नोकरांसाठी राखीव होता. राजवाड्याच्या घोड्यांच्या अंगावरून गंगारामांचा हात रोज फिरत होता, त्यानं घोडे बाटत नव्हते. हौदाला मात्र तो हात लागता कामा नये असा दंडक होता. एके दिवशी लागला. मग बरोबरीच्या नोकरांनीच त्यांना धरलं आणि चाबकानं मारलं. पाठ रक्तबंबाळ झाली.

महाराज त्या वेळी कोल्हापुरात नव्हते. ते इथे आले होते, दिल्लीला. आज आपण ज्या शहरात बसून ही गोष्ट सांगतोय, त्या शहराचा तिच्याशी एवढाच संबंध, की मार पडला तेव्हा वाली इथे होता. महाराज परतल्यावर सोनतळीच्या कॅम्पवर गंगाराम कांबळे त्यांच्यापुढे उभे राहिले आणि त्यांनी पाठ दाखवली. महाराजांनी मारणाऱ्यांना चांगलीच शिक्षा केली. गंगारामांना मात्र त्यांनी सांगितलं की, ही नोकरी सोड आणि स्वतःचा स्वतंत्र धंदा काढ, लागेल ती मदत मी करतो.

त्यानंतर भाऊसिंगजी रोडवर हॉटेल निघालं. नाव 'सत्यसुधारक हॉटेल'. चहा उत्तम, स्वच्छता आजूबाजूच्या हॉटेलांपेक्षा सरस. पण हॉटेल महाराचं आहे हे गावाला कळायला किती वेळ लागतो? गिऱ्हाईक फिरकेना. महाराजांनी विचारलं, धंदा कसा चाललाय? खरी परिस्थिती कळल्यावर महाराज आपली गाडी हॉटेलपुढे थांबवू लागले. गंगारामांच्या हातचा चहा स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या ब्राह्मण-मराठा मंडळींनाही पाजायचे. कुणी कागदावर सही मागायला आलं तर ती या हॉटेलात मिळायची, आधी चहा आणि मग सही.

इथे टाळ्या पडतात. माझ्याही भाषणात पडल्या होत्या.

माझं भांडण या टाळ्यांच्या जागेशी आहे. महाराजांनी चहा प्यायला की आपली गोष्ट संपते. गाडी निघून जाते, पडदा पडतो. पण गाडी गेल्यावर त्या कपबश्या कुणी विसळल्या? दुसऱ्या दिवशी पहाटे चूल कुणी पेटवली? सांगताना आपण महाराजांना 'महाराज' म्हणतो आणि गंगारामांना 'गंगाराम', तेही 'अरे गंगाराम' असं. एक माणूस चाबूक खाऊन राजापुढे गेला, राजवाड्याची नोकरी सोडून बाजारात उतरला, ज्या गावात त्याच्या हातचं पाणी चालत नाही त्याच गावात त्यानं चहाचं दुकान थाटलं, आणि आपल्या गोष्टीत तो फक्त किटली धरून उभा आहे.

आधी त्यांनी केलेल्या तक्रारीबद्दल बोलू. मारणारे काही परके नव्हते. रोज त्यांच्याबरोबर काम करायचं होतं, रोज त्याच पागेत जायचं होतं. मार खाऊन गप्प बसणं हा त्या काळचा शहाणपणा होता. आजही अनेक ठिकाणी तोच शहाणपणा मानला जातो, आपल्या घरांतूनही. 'जाऊ दे बाबा, पाण्यात राहून माशाशी वैर नको' हे वाक्य ऐकलं नाही असं इथे कुणी असेल असं मला वाटत नाही. गंगाराम कांबळे कॅम्पवर गेले. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा आणि महाराज वारले १९२२ मध्ये. म्हणजे पाण्यावरून झालेला हा मार आणि त्याविरुद्धची ही दाद महाडच्या निदान पाच वर्षं आधीची. याला आपण सत्याग्रह म्हणत नाही, कारण तो एकट्या माणसाचा होता.

आता धंद्याबद्दल.

महाराजांनी धंदा काढायला सांगितलं. धंदे तर शंभर होते. गंगारामांनी काढलं ते चहाचं हॉटेल. जातीची सगळ्यात कडक राखण कुठे असते? भाकरी, पाणी आणि दूध. लोखंड बाटत नाही. लाकूड बाटत नाही. कातडं तर आपल्याच हातून जातं आणि वहाण होऊन त्यांच्या पायात बसतं. पण पाणी घातलेलं, दूध घातलेलं, उकळलेलं आणि कपात ओतून हातात दिलेलं जे असतं, त्यात जातीचा सगळा कारभार असतो. ज्या पाण्यापायी पाठ फुटली, तेच पाणी उकळून गावाला विकायचा धंदा या माणसानं काढला. यात ठरवून केलेला टोला किती आणि पोटाचा हिशेब किती, या वादात मी पडत नाही. धंदा करणाऱ्या माणसाच्या डोक्यात या दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत नसतात.

चहाच्या धंद्याची एक अडचण आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी टपरी आहे त्यांना ती ठाऊक असेल. दूध टिकत नाही. पंक्चरचं सोल्युशन महिनाभर राहतं, कापडाचा तागा वर्षभर राहतो, पण सकाळी घेतलेलं दूध दुपारपर्यंत खपलं नाही तर नासतं. भज्यांचं पीठ उरलं तर संध्याकाळी घरीच खावं लागतं. म्हणून बहिष्कार सगळ्यात लवकर खाण्यापिण्याच्या दुकानाला मारतो. त्याला मोर्चा लागत नाही, दगड लागत नाहीत. लोकांनी नुसतं पलीकडच्या फुटपाथनं जायचं. चार दिवसांत भांडवल उकिरड्यावर जातं, आणि कुणी काही केलं असंही म्हणता येत नाही. सकाळची भवानी झाली नाही म्हणून कुठल्या पोलीस चौकीत तक्रार करणार?

पुढे महाराजांनी त्यांना सोडावॉटरचं मशीन घेऊन दिलं. भाषणांतून हा तपशील बहुधा गळतो, पण मला तो सहीच्या चहाइतकाच महत्त्वाचा वाटतो. सोडा बाटलीत बंद असतो. तो नासत नाही. आज खपला नाही तर उद्या खपतो. दया दाखवणारा माणूस पैसे देऊन मोकळा होतो. धंदा समजणारा माणूस मशीन देतो. आणि ते मशीन चालवायला रोज तिथे उभा राहणारा कुणीतरी लागतो.

महाराजांनी चहा का प्यायला, हेही नीट बघायला हवं. ते काही नुसते मनाचे मोठे होते म्हणून नाही. १९१९ मध्ये त्यांनी संस्थानात हुकूम काढले. शाळांत, दवाखान्यांत, धर्मशाळांत, सार्वजनिक विहिरी-पाणवठ्यांवर अस्पृश्यता पाळायची नाही. डॉक्टर सरकारी असतो, त्याला सांगता येतं की रोग्याला हात लाव. मास्तरला सांगता येतं की पोरं एकत्र बसव. पण रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला 'तू या दुकानात चहा पी' असा हुकूम कुठलं सरकार काढणार? राजाचा हुकूम जिथे संपतो तिथे गिऱ्हाइकाची मर्जी सुरू होते. महाराजांना हे कळलं होतं. म्हणून त्यांनी हुकूम बाजूला ठेवून स्वतःचं तोंड पुढे केलं आणि सहीचं आमिष दाखवलं.

आता, सहीसाठी प्यायलेला चहा हा काही खरा चहा नव्हे, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. पहिला कप नाइलाजाचा असला तरी तो घशाखाली उतरतो, आणि उतरल्यावर माणसाला कळतं की आपण मेलो नाही, विटाळानं अंगावर फोड आले नाहीत. दुसऱ्या कपाला थोडं कमी भ्यावं लागतं. पण धंदा चालतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या कपावर, आणि तो मिळवायला राजा उपयोगी पडत नाही. तिथे दुधात पाणी किती, साखर किती, कप किती लख्ख, उधारीची वही किती सबुरीनं धरली, हे उपयोगी पडतं. तो भाग गंगाराम कांबळे यांचा.

आणि नाव बघा. हॉटेलांना लोक देवाची नावं देतात, गावाची देतात, पोराबाळांची देतात. यांनी दिलं 'सत्यसुधारक'. १८७३ मध्ये जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला. १९११ मध्ये कोल्हापुरात त्याची शाखा निघाली. त्या शब्दांचा वास या पाटीला आहे. लपायचंच असतं तर एखाद्या देवीच्या नावाखाली सहज लपता आलं असतं. या पाटीनं रस्त्यावर उभं राहून सांगितलं की इथे काय चाललंय.

इथे थोडं माझं सांगतो, कारण मला हा मुद्दा पुस्तकातून कळलेला नाही.

माझ्या वडिलांचं सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याचा खोका. पंक्चर, ओव्हरऑइलिंग, चाकाचा आऊट काढणं, आणि सहा सायकली भाड्यानं द्यायला. पंक्चर कुठे आहे ते बघायला एका घमेल्यात पाणी भरलेलं असायचं. ट्यूबमध्ये हवा भरायची, पाण्यात बुडवायची, बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. सगळ्या जातींची गिऱ्हाइकं त्या घमेल्यावर वाकून उभी राहायची. कुणी घाईचा असला तर स्वतःच हात घालून ट्यूब फिरवायचा. त्याच खोक्यात, दोन हातांवर, पिण्याच्या पाण्याचा माठ असायचा. मे महिन्याच्या उन्हात चार मैल सायकल ढकलत आलेला माणूसही त्या माठाकडे बघायचा नाही. समोरच्या हॉटेलात जाऊन पाणी पिऊन यायचा. घमेल्यातलं पाणी चालायचं, माठातलं नाही. कुणी काही बोलायचं नाही. माझ्या आठवणीत एकही शिवी नाही, एकही मारामारी नाही. वडील चांगले कारागीर होते, त्यांना मान होता, 'मिस्त्री' म्हणायचे त्यांना.

पुढे मोटारसायकली वाढल्या, सायकली कमी झाल्या. आईच्या हातचा चहा चांगला व्हायचा. खोक्याच्या बाजूलाच एसटी स्टँड. वडिलांच्या मनात आलं की शेजारी चहाचा गाडा टाकावा. सल्ला द्यायला आले ते आमच्याच वस्तीतले, वडिलांच्या भल्याचे लोक. म्हणाले, मिस्त्री, पंक्चर काढा, मोटारसायकलचं शिका, पण चहात पडू नका. कुणी स्पष्ट कारण सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. गाडा टाकला गेला नाही. वडील शेवटपर्यंत हवा भरत राहिले. त्या हवेवर आम्ही तिघं भावंडं शिकलो.

गंगाराम कांबळे यांच्यानंतर सत्तर वर्षांनीही आमच्या गावात चहाचा गाडा टाकणं जड होतं. त्यावरून त्यांनी केवढं काम अंगावर घेतलं होतं याचा अंदाज येतो.

आणि हे फक्त गरिबाचं, अडाण्याचं आहे असं कुणी समजू नका. त्याच सुमाराला, बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला आलेल्या बाबासाहेबांनी शेअर आणि रोख्यांच्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी एक कचेरी काढली होती. कोलंबिया आणि लंडनला शिकून आलेला माणूस. सल्ला कागदावर द्यायचा, त्यात ना पाणी ना दूध. तरीही सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाइकं बंद झाली. धनंजय कीरांच्या चरित्रात हे आहे. मग ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. बाबासाहेबांच्या आयुष्यातला हा चार ओळींचा तुकडा आपण घाईनं ओलांडतो, कारण त्यांचे पुढचे डोंगर फार मोठे आहेत. पण कोल्हापुरातला चहा आणि मुंबईतला शेअरचा सल्ला, दोन्ही दुकानांत गिऱ्हाईक एकाच कारणानं येत नव्हतं.

मला वाटतं, हे त्यांच्या लक्षात राहिलं. आपण बसलोय तिथून काही किलोमीटरवर संसदेची जुनी इमारत आहे. तिथे २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत आज ज्याला आपण कलम १५ म्हणतो त्याच्यावर चर्चा झाली. दुकानं, हॉटेलं, विहिरी, तळी यांच्या वापरात जातीवरून कुणालाही अडवता येणार नाही, असं ते कलम. दुकान म्हणजे काय, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी उत्तर दिलं त्याचा आशय असा की, दुकान हा शब्द नुसता आत शिरण्यापुरता नाही. जो कुणी आपली सेवा मोबदला घेऊन देऊ करतो तो सगळा त्यात येतो, डॉक्टर आणि वकीलही. म्हणजे न्हाव्यानं दाढी करायला नाही म्हणायचं नाही, धोब्यानं कपडे नाकारायचे नाहीत.

इथे कायद्याचं शिक्षण घेणारे बरेच जण आहेत, त्यांनी याचा विचार करावा. कलम १५ आपल्याला गिऱ्हाईक म्हणून दुकानात शिरायचा हक्क देतं. कलम १७ अस्पृश्यता नष्ट करतं. १९५५ चा कायदा हॉटेलात प्रवेश नाकारणाऱ्याला शिक्षा करतो. पण आपल्या दुकानात गिऱ्हाईक शिरलंच पाहिजे असा हक्क कुठलंही संविधान देऊ शकत नाही. देऊही नये, कारण उद्या कुणालाही कुणाच्याही दुकानात ढकलता येईल. समोरच्या हॉटेलात आपल्यासाठी वेगळी कपबशी ठेवली तर खटला भरता येतो. आपल्या हॉटेलातल्या कपबश्या पालथ्या पडून राहिल्या तर खटला कुणावर भरायचा? म्हणूनच आपल्या समाजात नोकरीला एवढी किंमत आली. लोक टोमणा मारतात की यांना सरकारी नोकरीच हवी असते, धंदा करायची हिंमत नाही. हिंमत कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर होती, आणि तिलाही राजाचं पाठबळ लागलं. नोकरीत पगार गिऱ्हाइकाच्या मर्जीवर नसतो, एवढं आपल्या आईबापांना अनुभवानं कळलं होतं.

हे सगळं जुनं झालं म्हणाल, तर डिसेंबर २०२१ आठवा. उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात सुखीढांगच्या शाळेत पोषण आहार शिजवायला दलित बाई नेमली, तेव्हा सवर्ण मुलांनी तिच्या हातचं जेवण सोडलं. आणि जुलै २०२४ तर आपल्या दाराशीच आहे. मुझफ्फरनगर जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. तिथे कावड यात्रेच्या वाटेवरच्या ढाब्यांना आणि फळांच्या गाड्यांना मालकांची नावं पाटीवर लावायला पोलिसांनी सांगितलं. रोख मुख्यतः मुसलमान दुकानदारांवर होता हे उघड आहे. पण आडनाव लिहिलं की आपल्या देशात आणखी काय काय कळतं हे तुम्हाला सांगायला नको. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली, पदार्थ काय आहे ते लिहा, मालकाचं नाव लिहायची सक्ती नको म्हणाले. ती बातमी वाचताना मला भाऊसिंगजी रोडवरची पाटी आठवली. तिथे दुकानदारानं आपण होऊन सांगितलं होतं, इथे पोलीस सांगायला लावत होते. पाटी तीच, तिच्यावर हात कुणाचा आहे त्यावर सगळं ठरतं.

मी उद्योजकतेचं भाषण करत नाहीये, हे लक्षात घ्या. २००५ मध्ये पुण्यात दलित उद्योजकांची 'डिक्की' उभी राहिली, कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या आपल्या माणसांच्या कथा छापून आल्या, चांगलं झालं. पण जो मोठा झाला नाही, ज्यानं तीस वर्षं तेच एक दुकान उघडलं आणि बंद केलं, त्याची कथा कुणी छापत नाही. त्याला हुतात्म्यांत जागा नाही आणि यशवंतांतही नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे आईबाप याच मधल्या जागेतले आहेत. शिंपी, गवंडी, बँडवाले, चपलांचे दुकानदार, भंगारवाले, मंडईत टोपली घेऊन बसणाऱ्या बाया. आपण पहिल्या पिढीचे पदवीधर, म्हणजे आपल्या आधीच्या पिढीकडे काहीच ज्ञान नव्हतं, असं नकळत आपल्या बोलण्यात येतं. फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना येतो आणि आपण तिथे 'स्वयंरोजगार' असं गुळगुळीत लिहून टाकतो. मुखर्जीनगरच्या खोलीत रूममेटनं विचारलं तर 'बिझनेस आहे' म्हणतो. मोतद्दार, मिस्त्री, गटई कामगार हे शब्द तोंडातून निघत नाहीत. सवर्णाचा पोरगा 'आमच्या आजोबांची वकिली होती' हे जेवताना सहज बोलतो, आणि त्याच्या आजोबांच्या अशिलांची नावंही त्याला पाठ असतात.

शेवटाकडे येतो. फेब्रुवारी १९२२ मध्ये महाराज पुन्हा दिल्लीला आले होते, अखिल भारतीय अस्पृश्य परिषदेच्या अध्यक्षपदासाठी. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ६ मे १९२२ रोजी ते मुंबईत वारले. वय अवघं ४७. सहीसाठी चहा पिणारी मंडळी सहीबरोबर गेली असणार, हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

मग महाराजांची आठवण कुणी ठेवली? संसदेच्या आवारात त्यांचा पुतळा बसायला २००९ उजाडलं. कोल्हापुरात मात्र ते गेल्यानंतर थोड्याच वर्षांत नर्सरी बागेत त्यांचं पहिलं स्मारक उभं राहिलं, आणि ते उभं करायला पुढे आले ते गंगाराम कांबळे आणि त्यांचा समाज. सरदार नव्हेत, जहागीरदार नव्हेत, ज्यांना संस्थाननं मोठ्या हुद्द्यांवर बसवलं तेही नव्हेत. एक हॉटेलवाला. आज त्याच बागेत महाराजांची समाधी आहे. कोल्हापूरला गेलात तर अंबाबाईचं दर्शन घेणारे घ्या, रंकाळ्यावर भेळ खाणारे खा, पण नर्सरी बागेतही जाऊन या.

आता एक काम. पुढच्या महिन्यात आपण पुन्हा जमणार आहोत, तेव्हा प्रत्येकानं आपल्या घरच्या धंद्याचं एक पान लिहून आणायचं. मोठं काही नको. आई काय विकायची, वडील काय दुरुस्त करायचे, भांडवल कुठून आलं, हत्यारांना काय नावं होती, दुकान कुठल्या साली सुरू झालं आणि कशामुळे बंद पडलं. उधारीची वही घरात असेल तर तिचा फोटो काढून आणा. आज रात्री घरी फोन कराल तेव्हा एवढंच विचारा, पहिल्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा पहिलं गिऱ्हाईक कोण आलं होतं, आणि कोण आलं नव्हतं.